हवामान सोडून काहीतरी सांग

चिनी भाषेतला मी सगळ्यात आधी शिकलेला शब्द म्हणजे 'भाषा'.

लातूरच्या एका डाळमिलच्या ऑफिसात नोकरीला लागून मला दोनच महिने झाले होते. एके दिवशी वीज गेली, आली, आणि डाळ निवडायच्या मशीनचा पडदा सगळा चिनी अक्षरांनी भरून गेला. ही मशीन, जिला मिलमध्ये सगळे सॉर्टेक्स म्हणतात, प्रत्येक दाण्याकडे कॅमेऱ्यानं बघते आणि काळा दाणा दिसला की हवेचा फटका मारून त्याला बाजूला उडवते. चालवणारा गडी रजेवर होता. हमाल पोत्यांवर बसून राहिले. मी पडद्याचा फोटो काढला, मोबाइलवर एकेक आकृती ताडून बघितली आणि तासाभरानं ती दोन अक्षरं सापडली. ती दाबली, पुढचं दाबलं, आणि पडदा इंग्रजीत आला.

"पोरीनं चिन्याला वठणीवर आणलं," मुकादम म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी जास्तीचा चहा सांगितला.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, ही भाषा शिकायची.

मी लोह्याकडच्या एका खेड्यातली. वडील गवंडी, आई शाळेत खिचडी शिजवते. दहावी गावात, बारावी लोह्याला, आणि इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. नांदेडला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. नंतर दोन वर्षं नांदेडच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी केली. यश आलं नाही. कॉलेजातल्या एका सरांनी मिलची जागा सुचवली, शेठना स्वतः फोन केला. त्या फोनचं ऋण मी विसरलेले नाही.

माझा निकाल लागला त्या दिवसाचं एक सांगते. मी वडिलांना म्हणाले, "पास झाले, पहिल्या वर्गात." ते म्हणाले, "बरं झालं." एवढंच. जेवले, उठले, आणि सिमेंट कालवायला घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती बांधणाऱ्या माझ्या वडिलांच्या स्वतःच्या घराची दर्शनी भिंत सहा वर्षं गिलाव्याविना उभी होती. त्या दिवशी दुपारभर त्यांनी ती भिंत गुळगुळीत केली. आईही काही बोलली नाही, पाणी आणून देत राहिली. आमच्याकडे अशा गोष्टी बोलत नाहीत, करतात. मला त्यात कधी काही उणं वाटलं नव्हतं.

उणं वाटायला लागलं ते चिनी शिकताना.

शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या. बरीच वर्षं चीनमध्ये राहून परत आलेल्या. संध्याकाळी सातला मोबाइलवर वर्ग भरायचा. लातूरच्या माझ्या खोलीत रेंज येत नसे, म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसायचे. पहिले सहा महिने मी वर्गात पुढे होते. आकडे, वेळ, दिशा, यंत्राचे भाग, हवेचा दाब, सगळं पाठ. मग बाईंनी नवा धडा काढला, मनातलं सांगायचा. त्या प्रत्येकाला विचारायच्या, "आज तुला कसं वाटतंय?" कुणी सांगायचं, बढती मिळाली म्हणून आनंद झाला, कुणी, मैत्रीण बोलत नाही म्हणून वाईट वाटतंय. माझी पाळी आली की मी म्हणायचे, "हाय-शिंग." म्हणजे ठीक.

"ठीक म्हणजे कसं?"

"आज लातूरमध्ये खूप ऊन आहे," मी चिनीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, "आज वारा सुटला आहे." तिसऱ्या दिवशी ढग.

बाई मराठीवर आल्या. "अगं, तुझे उच्चार या वर्गात सगळ्यांत चांगले आहेत. पण मी तुला तुझं विचारते आणि तू मला हवामान सांगतेस. हवामान सोडून काहीतरी सांग."

मी बराच विचार करून वाक्य जुळवलं, "मशीन बंद पडली, म्हणून मी दुःखी आहे."

वर्ग हसला. बाईही हसल्या. "हे मशीनचं दुःख झालं. तुझं कुठाय?"

मला राग आला. स्वतःचाच. बंद पडलेली मशीन मला सुरू करता येते आणि चार शब्दांचं वाक्य येत नाही, हे मला पटेना. बाईंनी रोज तीन वाक्यं लिहायला सांगितली होती, मनातली. मी शंभर पानी वही घेतली. डाव्या पानावर चिनी शब्द, उजव्या पानावर तो मला कधी लागू पडला ते मराठीत. लातूरहून अहमदपूरमार्गे गावाकडे येणाऱ्या एसटीत ती वही मांडीवर असायची.

हळूहळू उजवी पानं भरायला लागली, आणि मीच चकित झाले. 'वेइ-छू' असा एक शब्द आहे. अन्याय झाला, पण बोलता आलं नाही, गिळावं लागलं, तेव्हा जे वाटतं ते. उजव्या पानावर मी लिहिलं: नांदेडला कॉलेजच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मी सरांना "न्हाई जमून राहिलं" म्हणाले, सगळी बॅच हसली, त्यांच्याबरोबर मीही हसले, आणि त्या दिवसापासून माझी बोली बदलली. 'शिन-थंग' म्हणजे जवळच्या माणसासाठी काळीज दुखणं. तिथे लिहिलं: खिचडीच्या पातेल्यानं भाजलेला आईचा हात. 'नान-ग्वो' म्हणजे दुःखी, पण शब्दशः पाहिलं तर 'पार पडायला कठीण'. तिथे लिहिलं: आई म्हणते, लई जड गेलं.

लिहिता यायला लागलं. बोलता येईना. वर्गात तोंड उघडलं की बाहेर पडायचं ते ऊन नाहीतर वारा.

अशातच शेठनी नवी मशीन घेतली. तुरीचा हंगाम सुरू व्हायच्या आत ती बसवायची होती. चीनहून इंजिनिअर येणार होता. त्याचा व्हिसा होता होता थंडी पडली. शेठनी मला बोलावलं.

"चिनी मॅडम, ऐका. पुण्याहून दुभाषी आणायचा म्हणतात सगळे. मी म्हटलं, घरची पोरगी आहे, एकदा बघू. तू हा इंजिनिअर सांभाळलास, मशीन वेळेत चालू झाली, तर ही मशीन अन् पुढं येईल ती, दोन्ही तुझ्याकडं. न्हाई जमलं तर वाईट वाटून घ्यायचं न्हाई. ऑफिसात आहेसच."

ऑफिसात वाईट काही नव्हतं. पण मला ते काम हवं होतं. माझ्या गावात, माझ्या घरात, या मिलमध्ये, ते काम माझ्याआधी कुणी केलेलं नव्हतं. दोन वर्षं अभ्यासिकेत बसून जे हाताला लागलं नव्हतं, ते आता समोर होतं. मी म्हणाले, "जमवते."

इंजिनिअर आला. माझ्या थोरल्या भावाच्या वयाचा, कमी बोलणारा, हाताचा स्वच्छ. मिलमधले सगळे त्याला पाव्हणं म्हणायला लागले. यंत्राचे शब्द माझे पाठच होते. तो सांगायचा, मी फिटरला सांगायचे. फिटर विचारायचा, मी त्याला विचारायचे. दुपारच्या जेवणाला मुकादमांनी त्याच्या भातावर शेंगाची चटणी वाढली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं परत मागितली. मुकादम खूश. "आपला गडी हाय ह्यो. तिखट मागून खाऊन राहिला."

संध्याकाळी गाडीत बसताना तो हात वर करून मोठ्यानं म्हणायचा, "चाय-च्येन!" म्हणजे पुन्हा भेटू. दुसऱ्या दिवसापासून सगळे हमाल एका सुरात ओरडायला लागले, "चाय-च्येन!" रोज संध्याकाळी मिलच्या फाटकात हा कार्यक्रम चालायचा.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्याचा फोन वाजला. तो कॉम्प्रेसरच्या आवाजापासून लांब, पोत्यांच्या थप्पीमागे गेला. परत आला, नळावर हात धुतले, पुसले, आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "माझे वडील गेले."

चिनीतही तसंच म्हणतात, गेले. समजायला मला क्षणही लागला नाही. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. बोलले काहीच नाही. त्यानं थोडक्यात सांगितलं. थोरला भाऊ सगळं करेल. तिकीट परवा रात्रीचं मिळतंय, हैदराबादहून. मग तो हॉटेलवर निघून गेला.

मुकादमांनी डोक्यावरची टोपी काढली. "परक्या मुलखात कळावं, लई वाईट. भेटाया जावं लागंल."

आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी करून नेतात. कडू घास म्हणतात त्याला. बायका गळ्यात पडून, हेल काढून रडतात. पुरुष मात्र नुसते बसतात. कुणी कुणाला समजावत नाही. जेवढा वेळ बसवेल तेवढा वेळ बसायचं, आणि निघताना "येतो" म्हणायचं नाही, कारण अशा कामासाठी त्या घरात पुन्हा यावं लागू नये. गुपचूप उठायचं आणि चालायला लागायचं. मागे वळून बघायचंही नाही.

तसंच आम्ही केलं. मुकादमांच्या घरून डबा आला. दुपारी चारला शेठ, मुकादम, दोन हमाल आणि मी, असे पाच जण हॉटेलवर गेलो. त्यानं दार उघडलं. खोलीत एकच खुर्ची. शेठ खुर्चीवर, बाकीचे भिंतीला पाठ लावून खाली, मी दारापाशी. मुकादमांनी डबा टेबलावर ठेवला. तो पलंगाच्या कडेला बसला. एकदा त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

अर्धा तास झाला असेल. कुणी खाकरलंसुद्धा नाही. मग शेठ उठले, आम्हीही उठलो. दारात शेठ माझ्या कानाशी म्हणाले, "उद्या गाडी पाठवायची का, किती वाजता, तेवढं विचार."

मी विचारलं. अगदी शुद्ध उच्चारात. "उद्या गाडी किती वाजता पाठवू?"

तो म्हणाला, "नऊ."

आम्ही काही न बोलता निघून आलो. जिन्यात मुकादम म्हणाले, "चांगलं झालं, समदेच आलो. एकट्याला एकटं वाटाया नगं." मलाही वाटलं, आपण योग्य ते केलं.

सातला गच्चीवर वर्गासाठी बसले तेव्हा त्याचा मेसेज आला. लांब होता. दोनदा वाचला, मग शब्द न् शब्द ताडून बघितला, कारण माझा विश्वास बसेना.

त्यानं लिहिलं होतं: शेठ रागावले आहेत हे मला समजलं. काम राहिलं आहे हे मलाही माहीत आहे. पण वडील गेले त्याच दिवशी पाच माणसांनी खोलीत येऊन बसायचं, एक शब्द न बोलता अर्धा तास माझ्यावर नजर ठेवायची, आणि जाताना गाडीची वेळ विचारायची, हे मी कुठे पाहिलं नाही. मी उद्या मिलला येणार नाही. कंपनीला कळवलं आहे. आणि शेवटची ओळ: बाकीच्यांना माझी भाषा येत नाही. तुला येते. तूही काही बोलली नाहीस.

वर्ग सुरू झाला होता. बाईंनी विचारलं, "आज तुला कसं वाटतंय?"

मी मराठीत म्हणाले, "बाई, माझ्या हातून मोठी चूक झाली."

बाकीच्यांना स्वाध्याय देऊन बाईंनी मला वेगळा फोन केला. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "अशा वेळी काय म्हणतात ते मला सांगा. मी पाठ करते, उद्या सकाळी म्हणते."

"च्ये-आय म्हणतात. दुःख आवरा. अंत्यविधीच्या पुष्पचक्रावर लिहिलेलं असतं."

"एवढं पुरेल?"

"त्यांच्या शेजाऱ्याकडून आलं तर पुरतं. तुझ्याकडून पुरेल का, सांग तूच." मग म्हणाल्या, "हे बघ, मी तुला वाक्य देऊ शकते. पण तुम्ही पाच जण तिथे कशाला बसला होता, हे मला माहीत नाही. ते तुलाच माहीत आहे. चुकीचं बोललीस तरी चालेल. बोल मात्र."

मी वही उघडली. उजवी पानं वाचली. मग एका कोऱ्या पानावर लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता वही बंद केली. कागदावरून वाचून दाखवायची ही गोष्ट नव्हती. मी गच्चीवर येरझाऱ्या घालत, टाकीला उद्देशून, मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढणाऱ्या काकू थांबून बघायला लागल्या.

"काय गं, भांडण झालं का कुणाशी?"

"नाही काकू. पाठांतर."

सकाळी आठला मी मुकादमांना घेऊन हॉटेलवर गेले. वाटेत त्यांना सगळं सांगितलं. ते रस्त्यातच थांबले. "नजर ठेवाया? आम्ही? अगं माय, मी तर मान वर केली न्हाई!" मग म्हणाले, "त्याला तसं वाटलं असंल तर त्याचं काय चुकलं. मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं. तू सांग. कसंबी सांग."

तो खाली हॉलमध्ये आला. समोर बसला. चेहरा बंद. मी वेळ न घालवता सुरू केलं. त्या दिवशी मी काय बोलले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. वाक्यं तुटक होती, व्याकरण ठिकठिकाणी मोडलं होतं.

मी म्हणाले, "मी मशीनसाठी आलेले नाही. तुम्हाला मिलला यायचं नसेल तर येऊ नका. शेठना मी सांगेन. काल मी गाडीचं विचारलं, त्याची मला लाज वाटते. मला तेवढंच वाक्य नीट येत होतं, म्हणून ते तोंडातून निघालं. दुसरं येत नव्हतं. चिनीत नाही, मराठीतही नाही."

तो ऐकत होता.

"काल आम्ही नजर ठेवायला आलो नव्हतो. आमच्याकडे कुणी गेलं की लोक येतात, गप्प बसतात. तुमचं दुःख एवढं मोठं आहे की त्यावर बोलायला आमच्याकडे शब्द नाही, असा त्याचा अर्थ. जाताना निरोप घेत नाहीत. अशा कामासाठी पुन्हा यायला लागू नये म्हणून. शेठही आले. शेठ कुणाच्या घरी सहसा जात नाहीत. हे मुकादम, यांनी मान वर केली नाही." मी मुकादमांकडे हात केला. मुकादमांना काही कळलं नव्हतं, पण त्यांनी हात जोडले.

"तुम्ही माझ्याकडे बघितलंत, तेव्हा मी बोलायला हवं होतं. मला फार नान-ग्वो वाटलं. माझ्याही वडिलांचे हात सिमेंटनं फुटलेले आहेत. तुम्ही हात धुऊन आलात आणि म्हणालात, वडील गेले, तेव्हा मला त्यांचे हात आठवले. मला भीती वाटली. तुमच्यासाठी शिन-थंग झालं. हे काल सांगायला हवं होतं. आज सांगते."

माझे शब्द संपले. पुढचं काही येत नव्हतं.

त्यानं विचारलं, "तो डबा?"

"कडू घास. ज्या घरात कुणी जातं तिथे स्वयंपाक करत नाहीत. म्हणून दुसऱ्याच्या घरून जेवण येतं. यांच्या बायकोनं केलं होतं."

तो उठून वर गेला. मला वाटलं, झालं, आता येत नाही. पण तो डबा घेऊन खाली आला. न उघडलेला. तिथेच टेबलावर त्यानं झाकण काढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि पिठल्याला लावून तोंडात घातला.

मुकादम अर्धे उठले. "अगं, शिळं हाय! रात्रभर तसंच हाय ते, नगं म्हणावं. पोट बिघडंल. आपण ताजं करून आणू."

मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि खात राहिला. भाकरी वाळून कडक झाली होती. चावताना आवाज येत होता. अर्धी भाकरी झाल्यावर त्याचे डोळे भरून आले आणि तो थांबला.

"माझे वडील," तो म्हणाला, "दर रविवारी फोन करायचे. इतकी वर्षं. जेवलास का, विचारायचे. मग विचारायचे, तिकडे थंडी आहे का. आहे म्हटलं की, कपडे घाल, म्हणायचे आणि फोन ठेवायचे. बाकी कधी काही नाही. या रविवारी मी सांगितलं, इथे भारतात थंडी फार नाही. ते म्हणाले, बरं झालं."

बरं झालं. मुकादमांना त्याचं मराठी करून सांगायचं राहूनच गेलं. इतके महिने मी समजत होते की ही भाषा बोलणारी माणसं मनातलं घडाघडा सांगत असणार, आणि आम्हीच काय ते मुके. त्या हॉलमध्ये मला माझ्या घराची गिलावा केलेली भिंत दिसली.

मुकादम म्हणाले, "काय म्हणतो?"

"त्यांचे वडील थंडीचं विचारायचे म्हणे. दुसरं काही नाही."

"मग?" मुकादम म्हणाले. "बाप दुसरं काय इचारतो?"

तो मिलला येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. मी सरळ शेठकडे गेले आणि सांगितलं, पाव्हणे येणार नाहीत, आणि येऊ नका असं मीच त्यांना म्हणाले आहे. शेठनी हातातला पेन खाली ठेवला. "तू म्हणालीस? कुणाला विचारून?"

"कुणाला नाही विचारलं."

"हंगाम तोंडावर आहे, पोरी. मशीन अर्धी उघडी पडली आहे. दुभाष्यानं समोरच्याचं सांगायचं असतं, आपलं न्हाई."

"हो," मी म्हणाले. "पण काल मी काहीच सांगितलं नाही, म्हणून तर हे झालं."

शेठनी पेन पुन्हा उचलला. मी मशीनपाशी गेले. त्याच्या वहीतल्या आकृत्यांचे मी रोज फोटो काढत होते. त्यावरून फिटरला सांगून एक एक जोडणी पुरी करायला लागले. जमेल तेवढं करायचं, अडेल तिथे थांबायचं, मग त्याच्या कंपनीला फोनवर विचारून पुन्हा सुरू करायचं. काम हातचं गेलं तर गेलं, पण ते मी सोडून दिलं म्हणून जाऊ द्यायचं नव्हतं.

साडेदहाला फाटकात रिक्षा थांबली. तो उतरला. सरळ आत आला, बाह्या वर केल्या, मी केलेल्या जोडण्या एकेक करून बघितल्या. दोन उघडून परत लावल्या. बाकीच्यांवर बोट ठेवून म्हणाला, "बरोबर." मग म्हणाला, "आज मी हात लावणार नाही. मी सांगेन, तू लाव. पुढच्या वेळी मी नसेन."

दिवसभर तसंच चाललं. संध्याकाळी पाचला तुरीची डाळ सोडली. हवेच्या फटक्यांचा टकटक आवाज सुरू झाला. शेठनी चांगली डाळ पडते त्या तोंडाखाली थाळी धरली, उजेडात नेली, बोटानं पसरली. काळा दाणा शोधायला त्यांना चष्मा लावावा लागला. पुढे हरभऱ्याच्या डाळीसाठी मशीन कशी लावायची तेही त्यानं माझ्या वहीत लिहून दिलं. डाव्या पानावर. उजवं पान मी कोरं ठेवलं.

शेठनी थाळी मुकादमांच्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीनची किल्ली हिच्याकडं ऱ्हाऊ दे." तेवढंच. माझ्या घरी जन्मलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी चांगलं उजाडल्यावर हैदराबादला जाणारी गाडी मिलच्या फाटकाशी थांबली. निरोप द्यायला सगळे हमाल उभे होते. मुकादमांनी मला विचारलं, "चाय-च्येन म्हणायचं का न्हाई आज?"

मला काय सांगावं कळेना. रोजचा कार्यक्रम होता. पण तो वडिलांच्या घरी चालला होता. मी म्हणाले, "माहीत नाही, मामा. ते म्हणाले तर म्हणू."

तो गाडीतून उतरला. शेठना वाकून नमस्कार केला. मुकादमांच्या हातात घासून लख्ख केलेला रिकामा डबा दिला. माझ्यासमोर आला, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग वळला, गाडीत बसला, काच वर केली. गाडी निघाली. त्यानं मागे वळून बघितलं नाही. हात वर केला नाही. एक शब्द बोलला नाही.

हमाल माझ्याकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "काय झालं? रुसला का काय पाव्हणा?"

"न्हाई रे," मुकादम म्हणाले. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ते डबा छातीशी धरून उभे होते. "आपलं शिकून गेला."

मी आत गेले, मशीन सुरू केली. सातच्या वर्गाला गच्चीवर बसले तेव्हा बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी चिनीत सांगायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी मला तीनपेक्षा जास्त वाक्यं लागली.